द्वंद, द्वंद्व आणि नायकाचं मन

ब्रह्मपुरीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत रात्रीचं नाटक आहे. नायक भला पाटील, पण जमिनीच्या लोभापायी सख्ख्या भावाच्या जिवावर उठतो आणि शेवटी स्वतःही संपतो. पत्रकावर 'नायकाच्या मनातील सद्गुण-दुर्गुणांचे द्वंद' असं छापणार होतो. एकाने 'द्वंद'चं 'द्वंद्व' केलं. दुसरा म्हणतो, द्वंद्व दोघांत होतं, एकट्याच्या मनात कसलं द्वंद्व? बरोबर काय?"

लेखन 'द्वंद्व' हेच. मूळ शब्द 'द्व' दोनदा येऊन झालेला आहे, म्हणजे जोडी. म्हणूनच आईबाप, मीठभाकर हे द्वंद्व समास. बोलताना शेवटचा 'व' गळतो, लिहिताना तो ठेवायचा: द्वंद्वाचा, द्वंद्वात.

दुसऱ्या आक्षेपाचं मूळ बहुधा 'द्वंद्वयुद्ध' या शब्दात आहे. भीम आणि जरासंध डोळ्यांपुढे येतात आणि द्वंद्व म्हणजे दोन गडी, हे पक्कं होतं. पण गीतेच्या सातव्या अध्यायात 'इच्छाद्वेषसमुत्थेन द्वन्द्वमोहेन' असं आलं आहे. इच्छा आणि द्वेष यांतून उठणारा द्वंद्वाचा मोह. इथे समोर दुसरा माणूस नाहीच, जे काय आहे ते आतच. तेव्हा एका मनातलं द्वंद्व बिनदिक्कत लिहा. फक्त 'मनातील अंतर्द्वंद्व' लिहू नका, एकच गोष्ट दोनदा होते.

माझी खरी हरकत 'सद्गुण-दुर्गुणांचे' या शब्दाला आहे. त्याने नायकाच्या अंगी चार चांगले गुण एकीकडे आणि चार वाईट दुसरीकडे, असं चित्र उभं राहतं. शोकात्म नाटकाचा नायक असा वाटून दाखवता येत नाही. ज्या गुणाने तो मोठा होतो, त्याच गुणाने तो बुडतो.

गडकऱ्यांचा सुधाकर घ्या. 'एकच प्याला' लिहिणारे राम गणेश गडकरी 1919 मध्ये आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले. सुधाकर हुशार वकील आणि मानी माणूस. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि तो सल विसरण्यासाठी आपल्या कारकुनाच्या, तळीरामाच्या, हातचा पहिला प्याला तो घेतो. मान नसता तर अपमान इतका लागला नसता. पुढे तो दारू सोडतो, नोकरीसाठी लोकांच्या दारी जातो, तिथे झिडकारला जातो आणि पुन्हा तोच मान त्याला प्याल्याकडे ढकलतो. तळीराम खलपुरुष खराच, पण द्वंद्व सुधाकर आणि तळीराम यांच्यात नाही. तसं असतं तर तळीरामाला घराबाहेर काढलं की नाटक संपलं असतं.

शेक्सपिअरचा मॅकबेथ तर खून करायच्या आधीच सगळा हिशेब मांडतो. राजा आज माझ्या घरी पाहुणा, मी त्याचा नातलग, त्याचा चाकर. मारेकऱ्याला अडवायला दार लावायचं ते मीच, आणि सुरा उचलणार तोही मीच? बायकोला सांगतोही की आता हे पुढे न्यायचं नाही. तरी करतो. खून झाल्यावर त्याला सर्वांत जास्त काय खटकतं? शेजारच्या खोलीत झोपेतून दचकून उठलेले दोघे देवाचं नाव घेतात आणि याच्या तोंडून 'आमेन' निघत नाही. वाईटच माणूस असता तर ते अडलं नसतं. त्या घशात अडकलेल्या शब्दाला मी द्वंद्व म्हणेन.

यातूनच क्रियापद कोणतं घ्यायचं तेही ठरतं. गडी द्वंद्व खेळतो, जिंकतो, हरतो. नायक मात्र द्वंद्वात सापडतो. 'पाटील द्वंद्व हरतो' असं छापलं तर पाटलाला कोणीतरी आखाड्यात पाडलं असं वाटेल.

म्हणून पत्रकावर 'चांगल्या-वाइटाच्या द्वंद्वात सापडलेला पाटील' असं टाका. 'सत्-असताचे द्वंद्व' हेही चूक नाही, पण धान कापून, घरची कामं आटोपून रात्रभर नाटक पाहायला येणाऱ्या माणसासाठी पहिलंच चांगलं. जीपवरून पुकारताना 'द्वंद्व' भोंग्यात नीट ऐकू येणार नाही. तिथे 'मनाची ओढाताण' म्हणा. 'मनातला झगडा' मी टाळेन, कारण आपल्याकडे झगडा म्हटलं की लोकांना भांडणच ऐकू येतं, आणि हा पाटील तर भावाशी भांडायच्या कितीतरी आधीपासून आतून पोखरलेला आहे.