टोकदार कमान, काळं लोखंड आणि सोलापूरचं पाणी

प्रश्न : ताई, नवा फ्लॅट घेतलाय. मला गॉथिक प्रकार फार आवडतो. टोकदार कमानी, काळं लोखंड, मेणबत्त्यांचे स्टँड. पण नुसत्या शोपीसवर पैसे घालायचे नाहीत, रोज वापरता येईल असंच हवं. सुरुवात कशापासून करू? आई म्हणते, घरात एवढं काळं कशाला? – एक वाचक, जुळे सोलापूर

आरशापासून कर. दाराजवळचा आरसा दिवसभर वापरात असतो आणि त्याला ना खरकटं लागतं ना खारं पाणी.

आणि काळ्या रंगाच्या फार मागे लागू नकोस. गॉथिकची खूण टोकदार कमान. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरशील तेव्हा बाहेर येऊन वर बघ. १८७८ मध्ये काम सुरू झालेली ती इमारत बरीचशी पिवळट दगडाची आहे, तरी अस्सल गॉथिक वळणाची.

आता कमान कशी काढायची ते सांगते, कारण इथेच सगळे फसतात. फॅब्रिकेशनवाल्याला नुसतं ‘कमान’ म्हणालीस तर तो देवघराची पाकळ्यांची महिरप करून देईल. जमिनीवर वर्तमानपत्रं चिकटवून पसर. आरसा दीड फूट रुंद हवा असेल तर दीड फुटाची आडवी रेघ मार. रेघेच्या डाव्या टोकावर सुतळी दाबून धर, तिला पेन्सिल बांध आणि उजव्या टोकापासून वर कंस काढ. मग उजवीकडे धरून डावीकडून. दोन्ही कंस रेघेपासून साधारण साडेपंधरा इंचांवर भेटतात, तेच टोक. रेघेखाली हव्या तेवढ्या उभ्या बाजू सोड. कागद काप आणि तोच दुकानात दे, बोलण्यात वेळ घालवू नकोस.

फ्रेमला २० बाय ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी पुरते. वेल्डिंगचे गोळे ग्राइंडरने घासून मग पावडर कोटिंग. ब्रशने मारलेला ऑइलपेंट कोपऱ्यांवरून उडतो. काच त्याच कागदावर कापून घे, फक्त सगळ्या बाजूंनी दोन मिलिमीटर कमी. टांगण्याआधी भिंत विटांची आहे की हलक्या ब्लॉकची, ते बिल्डरला विचार. ब्लॉकमध्ये स्क्रूचा साधा प्लग वजन धरत नाही.

उरलेल्या पट्टीतून चाव्या-पिशव्यांसाठी खुंट्या करून घे. यांची टोकं मात्र गोल हवीत. टोकदार खुंटी फोटोत झकास दिसते आणि रोज ओढणी फाडते.

मेणबत्त्यांचं माझं मत जरा कडू आहे. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो, उंच बारीक मेणबत्ती न पेटवताच मान टाकते. पंख्याखाली ज्योत टिकत नाही, आणि पंखा बंद करून सोलापुरात बसणार कोण! त्यापेक्षा काचेची चिमणी असलेला काळा कंदील घे. लाइट गेली की कामाला येतो.

आईशी वाद घालू नकोस. तवा काळा, पाटा-वरवंटा काळा, पंढरीचा विठोबा काळा, हे तिला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. तिला धास्ती असेल ती अंधाऱ्या खोलीची, आणि ती रास्त आहे. भिंती पांढऱ्याच ठेव. लोखंडाची रेघ पांढऱ्यावरच उठून दिसते.

प्रश्न : मुलगी मॅट काळा डिनर सेट आणि तसेच काळे नळ घ्यायचं म्हणते. टिकतील का? – एक वडील, अक्कलकोट रोड

टिकतील हो, पण रोज पुसणार कोण ते आधी ठरवा. बोअरचं पाणी असेल तर वाळलेला प्रत्येक थेंब काळ्यावर पांढरा डाग सोडतो. नळावरचा क्षार काढायला ॲसिड वापरलंत की कोटिंगही जातं. नळ स्टीलचेच घ्या.

मॅट प्लेटवर स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा उमटतात. पूर्ण सेटऐवजी वाढायचं एक मोठं ताट आणि चार वाट्या घ्या, चकचकीत काळ्या. दहीभात त्यात फार देखणा दिसतो. आणि कवटीच्या आकाराचा मग मागवलाच तर आतून गुळगुळीत आहे ना ते बघा. आत खाचा असतील तर चहाचा थर निघता निघत नाही.

प्रश्न : हॉलला काळे मखमली पडदे लावावेत का?

नको. धूळ धरतात, घरी धुता येत नाहीत. गडद मरून सोलापुरी चादर घ्या. तिची वीण दुहेरी असते, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, रंग फक्त उलटे. पश्चिमेच्या खिडकीला मागून पांढरं अस्तर लावा आणि रॉड जाड घ्या, वजन बरंच असतं.

प्रश्न : बीदरहून आणलेली काळी, चांदीच्या नक्षीची बिदरी वाटी आहे. जेवणात वापरू का? – एक वाचक, विजापूर वेस

गॉथिक घरात शोभेल अशी याहून चांगली वस्तू आपल्या आसपास मिळायची नाही. पण ती मुख्यतः जस्ताची असते, त्यात थोडं तांबं. लिंबू, दही, लोणचं त्या धातूला लागता कामा नये. कानातली, सुटे पैसे, चाव्या खुशाल ठेवा. अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवा. चिंच किंवा भांड्यांची पावडर मात्र लावू नका. तो काळा रंग वरच्या थरापुरताच असतो, घासला की निघतो.