ताई, दाढेचं राहू द्या, आधी तारीख मोजा

गंगाखेडच्या एका ताईंचा मेल आहे. 9 मार्च 2020 ला नांदेडच्या एका दवाखान्यात रूट कॅनल सुरू केलं, कॅपसकट 14 हजार आधीच भरले, मग लॉकडाऊन लागला, दवाखाना बंद, जूनमध्ये गाल फुगून पू झाला तरी डॉक्टर फोनवर गोळ्याच सांगत राहिले, शेवटी जुलैत परभणीला दाढ काढूनच टाकावी लागली. पैसे परत नाहीत. 2021 च्या दिवाळीत वकिलाची नोटीस धाडली, उत्तर नाही. आता विचारतायत, केस होते का? कोरोनातल्या दवाखान्यांचे असे मेल मला अजून येतात आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडतं.

फी घेऊन उपचार केले म्हणजे तुम्ही ग्राहक, त्यात वाद नाही. वाद मुदतीचा आहे. ग्राहक कायद्याचं कलम 69 म्हणतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. तुमची ती केव्हाच संपली असती, पण सुप्रीम कोर्टाने 10 जानेवारी 2022 ला सांगितलं की 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हे दिवस मुदतीत धरायचेच नाहीत. म्हणजे जुलैतली दाढ धरली तर घड्याळ 1 मार्च 2022 ला सुरू झालं आणि फेब्रुवारी 2024 अखेर बंद पडणार. आता मेख बघा. समोरचा वकील म्हणणार कारण 9 मार्चलाच घडलं, पैसे घेतले त्या दिवशी. मग 15 तारखेच्या आधीचे पाच-सहा दिवस तुमच्या मुदतीतून कमी झाले. ते पटेल न पटेल, पण त्या भांडणात पडताच कशाला? हे मी जानेवारी 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात लिहितोय, 20 फेब्रुवारी 2024 हीच शेवटची तारीख समजा.

आणि त्या नोटिशीचं काय घेऊन बसलात! नोटिशीने मुदत थांबत नाही, एक दिवस सुद्धा नाही. उत्तराची वाट बघत सव्वादोन वर्षं घालवली. उशीर माफीचा अर्ज असतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि "वाट बघत होते" हे कारण कोणी ऐकत नाही.

नांदेडच्या चकरा मारायची गरज नाही, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या म्हणजे परभणी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी शून्य. तक्रार ऑनलाइन, घरी बसूनही होते.

बाकी निकालाचं मी छातीठोक सांगणार नाही. दवाखाना बंद ठेवला ही चूक ठरणं अवघड, कारण ड्रिलने तोंडातले तुषार उडतात म्हणून मे 2020 मध्ये केंद्रानेच रेड झोनमध्ये तातडीचंच काम करा असं सांगितलं होतं. पण पू होऊन गाल सुजणं हे तातडीचंच, तेव्हा बोलावून बघितलं का किंवा दुसरीकडे पाठवलं का, यावर जोर द्या. निष्काळजीपणा दाखवायला दुसऱ्या दंतवैद्याचं मत लागेल. न बसवलेल्या कॅपचे पैसे मागायला मात्र ते लागत नाही, म्हणून ती मागणी वेगळी लिहा.

पुराव्याचं तर काय बोलावं. पक्की पावती मागितली नाही, 14 हजाराला आधार काय तर औषधाच्या चिठ्ठीमागे पेनने लिहिलेलं "जमा 14000" आणि खाली एक वेलांटी, सही म्हणायची ती. सुजलेल्या गालाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि तो मोबाईल भाच्याला देऊन टाकला! आजच त्याला फोन करा, म्हणावं काही डिलीट करू नको. पैसे एटीएममधून काढले असतील तर बँकेचं मार्च 2020 चं स्टेटमेंट काढा. परभणीच्या डॉक्टरांकडून दाढ काढल्याचा कागद लेखी अर्ज देऊन घ्या.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलाय, ते वाचून मी हसतो. डॉक्टरांना उत्तराला 30 आणि वर 15 दिवस मिळतील, नंतर तारखाच तारखा, वर्ष-दोन वर्षं धरून चाला. सोमवारी चिठ्ठी घेऊन वकिलाकडे जा, झेरॉक्स नको, मूळ न्या.