'बेअर लाइफ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन यांच्यावर लिहिताना त्यांच्या 'बेअर लाइफ'साठी (म्हणजे कायद्याचं संरक्षण काढून घेतलेलं, कुणीही संपवावं असं जगणं) 'नग्न जीवन' चालेल का?

मला नाही पटत. आणि खोट 'नग्न'पेक्षा 'जीवन'मध्ये जास्त आहे.

आगाम्बेन यांचं 'होमो साकेर' हे पुस्तक १९९५चं. त्याची सुरुवातच शब्दचर्चेने होते. ग्रीकांकडे 'झोए' आणि 'बिओस' असे दोन शब्द होते, असं ते सांगतात. झोए म्हणजे देव, माणूस, जनावर सगळ्यांत असतं ते निव्वळ जिवंतपण. बिओस म्हणजे एखाद्याची किंवा एखाद्या समाजाची जगण्याची रीत. (ही फाळणी इतकी काटेकोर नव्हती, असा आक्षेप फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा यांनी घेतला. ॲरिस्टॉटल माणसाला 'झोऑन पोलितिकॉन' (राजकीय प्राणी) म्हणतो, म्हणजे राजकारणाच्या शेजारी झोएच्याच घरातला शब्द बसवतो. आक्षेपात दम आहे.)

मराठीत ही जोडी रोजच्या बोलण्यात आहे. 'त्याचा जीव शेतात गेला' आणि 'त्याचं आयुष्य शेतात गेलं' ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात माणूस मेला, दुसऱ्यात तो चाळीस वर्षं राबला. जीव घेतात, वाचवतात, मुठीत धरतात. आयुष्य घडतं, नाहीतर त्याचं मातेरं होतं. 'जीवन' मात्र या दोन्हींवर पांघरूण घालतं. शिवाय संस्कृतात त्याचा अर्थ पाणीही होतो, म्हणून तर आपल्याकडे पाणीपुरवठ्याचं काम जीवन प्राधिकरण करतं. तेव्हा इथे 'जीव'च हवा.

आता विशेषण. आगाम्बेन यांची मूळ इटालियन संज्ञा 'नूदा विता', शब्दशः 'नग्न जीवन'. तिच्यामागे जर्मन विचारवंत वाल्टर बेंजामिन यांच्या १९२१च्या निबंधातलं 'ब्लोसेस लेबेन' आहे. जर्मन 'ब्लोस' म्हणजे उघडा आणि 'ब्लोस' म्हणजे नुसता. म्हणून 'नुसता जीव' हा पर्याय मला बरेच दिवस आवडत होता. पण तो झोएला जास्त शोभतो. बेअर लाइफ जन्मजात नसते, ती केली जाते. प्राचीन रोममधला 'होमो साकेर' म्हणजे ज्याला ठार मारलं तरी खून ठरत नाही, आणि ज्याचा बळीही देता येत नाही असा माणूस. नाझी जर्मनीने १९३५च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना दुय्यम केलं, आणि नोव्हेंबर १९४१च्या हुकमाने देशाबाहेर पाठवलेल्या ज्यूंचं उरलंसुरलं नागरिकत्वही काढून घेतलं. कायद्याने छप्पर काढलं, तेही कायदेशीरपणे.

आणि छपरासाठी आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे: उघड्यावर पडणं. 'संसार उघड्यावर पडला' यात कपड्यांचा संबंध नाही, आधार गेला एवढंच. पण सदरा न घातलेल्यालाही आपण 'उघडा' म्हणतोच, त्यामुळे 'नूदा'ही सांभाळला जातो. आगाम्बेन यांचा भर ज्या 'टाकून देण्या'वर आहे, तोही यात येतो. माझी पसंती 'उघड्यावर टाकलेला जीव' याला. 'पडलेला' नको, पडण्यात टाकणारा दिसत नाही.

दर वेळी एवढं लांब लिहिणं जड जाईल. पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे 'उघडा जीव' पुरे. मुद्रितशोधकाने त्याचं 'उघडं जीवन' केलं, तर तेवढं मात्र भांडून परत घ्या.