बाईंना विचारा: सतारमेकर अब्बांना कुठे न्यावं?

नमस्कार बाई. आम्ही मिरजेचे, सतारमेकर गल्लीतले. अब्बा 64 वर्षांचे आहेत. जन्मभर सतारी-तंबोरे केले, पण मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. भाऊ दुबईचं ठरवतोय. अब्बा म्हणतात, "उंच इमारती बघून मी काय करू?" तुम्ही त्यांना कुठे न्याल?
– एक लेक, मिरज

दुबईवर माझा राग नाही, पण अब्बांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना क्रेमोनाला न्या.

इटलीत मिलानहून रेल्वेने तासा-सव्वा तासावर हे लहानसं गाव आहे. व्हायोलिनवाल्यांची मिरजच म्हणा. व्हायोलिन करणारा जगप्रसिद्ध कारागीर स्त्रादिवारी इथलाच, 1737 साली इथेच वारला. आजही गावात शंभरावर कारागीर हाताने व्हायोलिनं करतात. एकेका वाद्यात लाकडाचे सत्तरच्या वर तुकडे, सगळे आतल्या साच्याभोवती जुळवलेले. या कारागिरीला 2012 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. तुमच्या गल्लीच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळायला 2024 उजाडलं, पण आपल्याकडे सगळंच जरा उशिरा.

तिथे मी माझ्याच वेंधळेपणाने सोमवारी पोचले. व्हायोलिनचं संग्रहालय सोमवारी बंद! तीस वर्षं मुलांना "नकाशा नीट बघा" म्हणत भूगोल शिकवला आणि स्वतः वार बघितला नाही. मग दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. त्यातच खरी मजा आली. एका कारखान्याच्या काचेतून आत बघत उभी राहिले, तर आतल्या माणसाने हाताने खूण करून बोलावलं. त्याला इंग्रजी जेमतेम, मला इटालियन शून्य. त्याने स्प्रूस लाकडाची एक फळी बोटाच्या पेराने ठोकली आणि माझ्या कानाशी धरली, मग दुसरी ठोकली. मला दोन्ही सारख्याच ऐकू आल्या. अब्बांना नाही येणार. सतारीसाठी वाळलेला भोपळा टिचकी मारून निवडणाऱ्या माणसाला तिथे दुभाषा कशाला लागतोय? तरी कारखान्यात जायचं तर आधी ईमेल करून वेळ ठरवा. प्रत्येक जण मला भेटला तसा मोकळा नसतो.

त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. 2019 च्या जानेवारीत या गावाने पाच आठवडे आवाज कमी केला होता. जुन्या दुर्मीळ वाद्यांचा सूर न सूर संग्रहालयाच्या सभागृहात ध्वनिमुद्रित करायचा होता, आणि बाहेरच्या दगडी रस्त्यावरून गाडी गेली की तिची घरघर माइकला ऐकू जाई. म्हणून आजूबाजूचे रस्ते मोटारींना बंद केले, आणि महापौरांनी लोकांना गोंगाट करू नका म्हणून विनंती केली. जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारांचा सूर खुलवताना, अब्बा घरातला पंखा बंद करायला लावत असतील, तर ही गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता सामानाचं. मी कौतुकाने साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते, ते विमानतळावरच कचऱ्याच्या डब्यात गेले. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. अब्बांना तिथल्या कारागिरांना दाखवायला जुनी सांबरशिंगाची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) न्यावीशी वाटेल. अजिबात नेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. लाकडाची चालेल. कानस-पटाशी हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत.

इटलीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला अब्बांना स्वतः जावं लागेल. त्यात एक काळजी: जन्मभर कानस चालवलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला पटकन सापडत नाहीत. आधारच्या वेळी त्रास झाला असेल तर तिथेही वेळ हाताशी ठेवून जा. आणि इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. विसरलात तर खिशात तिकीट असून दंड.

खाण्याचं म्हणाल तर 'सेन्झा माइआले', म्हणजे डुकराचं नको, एवढं पाठ करा. भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली मागा. अब्बा हसतील, सतारीचा भोपळा इथे पोटात! मोस्तार्दा नावाचा फळांचा मुरांबा मिळतो, त्यात मोहरीची अशी झणझण असते की नाकातून पाणी येतं. मला आवडला.

पासपोर्ट नाही, काढायचा कंटाळा आहे. भूतानला जमेल का? सौ.चे गुडघे दुखतात आणि तिला ते कड्यावरचं मंदिरच बघायचंय.
– निवृत्त बँक कर्मचारी, वाई

जमेल. भारतीयांना मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. परवाना काढावा लागतो आणि माणशी दर रात्री 1,200 रुपये शुल्क आहे, ते हिशेबात धरा.

ते कड्यावरचं मंदिर म्हणजे तक्तसांग मठ. तो पारोच्या दरीतून सुमारे 900 मीटर उंच आहे. घोडा मिळतो, पण फक्त चढताना आणि अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत. पुढे शेकडो पायऱ्या, आणि उतरताना सगळी वाट पायी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर, हे सज्जनगड केलेल्यांना सांगायला नको. वहिनींनी उपाहारगृहापाशी चहा घेत बसावं. समोरच्या कड्यावर मठ तिथूनच सगळ्यात छान दिसतो. तुम्हाला पुढे जायचं तर जा, पण परत आल्यावर वर्णन लांबवू नका. एक दिवस पुनाखाला द्या. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर सतराव्या शतकातला किल्लेवजा मठ आहे. संगम माहुली बघितलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

आठ दिवसांत युरोपचे सहा देश, बसने. घ्यावी का ही सहल?
– एक कुटुंब, विटा

नको. आठातले दोन दिवस विमानातच जातात. तिकडे बसचालकाला साडेचार तासांनी पाऊण तास थांबावंच लागतं, त्यामुळे वेळेची कात्री तुमच्या बघण्यालाच लागते. तरी जायचंच असेल तर पत्रकात जिथे जिथे 'फोटो स्टॉप' लिहिलंय तिथे पेन्सिलीने फुली मारा, आणि फुल्या सोडून काय उरतं ते मला कळवा.