डिप्रेशनमधलं पात्र लिहायचंय ना, मग आधी हे बघ

तुझ्या कथेतली नायिका पानोपानी रडते, ते आधी कमी कर बाप्पा. डिप्रेशनमध्ये कितीतरी लोकांना रडूसुद्धा येत नाही, नुसतं रिकामं वाटतं, आणि तेच लोक सकाळी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात दुकान उघडून गिऱ्हाइकाशी हसून बोलत असतात. डिप्रेशन तपासायला डॉक्टर वापरतात ती पीएचक्यू-९ प्रश्नावली नेटवर मिळेल, मागच्या २ आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, लक्ष लागतं का, स्वतःबद्दल काय वाटतं असे ९ प्रश्न आहेत, वाच, पण कथेत जशीच्या तशी ओतू नको. त्यापेक्षा मे महिन्यातली दुपार घे, कूलरचं पाणी संपलंय, मोटर कोरडी घरघरतेय, बादली दोन पावलांवर आहे आणि तिला सगळं कळतंय तरी ती उठत नाही, उशी घामाने ओली. मग आई म्हणते, "काहून पडून राहते दिवसभर, जरा फुटाळा तलावावर फिरून ये." एवढं पुरे, "ती निराश होती" लिहायलाच नको.

गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बरी, असं नसतं, फरक जाणवायला काही आठवडे जातात. प्रेमात पडून बरी झाली हे तर अजिबात नको, मला खरंच राग येतो त्याचा. आत्महत्येचा विचार दाखवलास तर पद्धतीचा तपशील देऊ नको, वाचणारं कोणी त्याच अवस्थेत असू शकतं. कोणी स्वतःहून अनुभव सांगितला तर ऐक, खोदू नको, ड्राफ्ट त्यांना दाखव. लिहिताना तुलाच जड गेलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लाव, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.