बाइकचं पुढचं शॉकअप गळतंय? आधी एक्स-रेची फिल्म शोध

अरे, लगेच सील (तेल आत अडवणारी रबरी रिंग) बदलायला धावू नकोस. पावसाळ्यात चिखल शॉकअपच्या पाइपवर वाळतो, त्याची कच सीलच्या ओठात अडकते आणि तेल झिरपायला लागतं. डस्ट सील (त्यावरचं धूळ अडवणारं रबर) वर सरकव, जुन्या एक्स-रेची पट्टी कापून पाइप आणि सीलच्या फटीत घाल, गोल फिरव. काळी घाण निघेल. पुसून घे, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाब. पाइपवर परत तेलाचं कडं उमटलं, तर सील गेलं समज.

नवं टाकण्याआधी पाइपवरून नख फिरव. कुठे अडकलं, तर तो गंजाचा खड्डा नवं सीलही फाडणार. (मी हे न बघता वर्षात दोन जोड वाया घालवले.) सील दोन्हीकडचे बदल, तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, मापून, दोन्ही शॉकअपमध्ये सारखं. मेकॅनिक ‘अंदाजे’ म्हणाला तर उठून ये.

ब्रेक मारताना ‘टक्’ वाजत असेल, तर ते बहुधा कोनसेटचं (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). मधल्या स्टँडवर पुढचं चाक अधांतरी ठेवून फोर्क (पुढच्या शॉकअपची जोडी) पुढेमागे हलव, ढिलं असेल तर कळेल.

आणि हो, तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरलं असेल तर आज गाडी काढूच नकोस.