वरच्या मजल्यावर दिवा लागू दे

प्रश्न : ताई, नाशिकला मेन रोडवर आमची दोन मजली जुनी इमारत आहे. खाली कापडाचं दुकान, वर आजोबांच्या वेळचं राहतं घर. 2004 मध्ये आम्ही सगळे गंगापूर रोडला राहायला गेलो. तेव्हापासून वर नुसती खोकी आणि जुना माल पडून आहे. रात्री शटरं पडली की आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. एक बिल्डर म्हणतो, पाडून शॉपिंग सेंटर करू. भाऊ म्हणतो, वरचा मजला गोदामाला देऊ. मागच्या अंकात तुम्ही मेलबर्नचा ओझरता उल्लेख केला होता. गावाचा मध्य खरंच पुन्हा राहता होतो का? आम्ही काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होतो. मी तो होताना पाहिला आहे, म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर लगेच लिहायला बसले.

1993 मध्ये आम्ही मेलबर्नला गेलो, तेव्हा तिथल्या मुख्य शहराची अवस्था तुमच्या गल्लीसारखीच होती. दिवसा ऑफिसची गर्दी, संध्याकाळी सहाच्या लोकलनं सगळे उपनगरात. पहिल्याच रविवारी मी दूध आणायला म्हणून कॉलिन्स स्ट्रीटनं चालत निघाले. एवढा रुंद, देखणा रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी इमारती, आणि माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येत होता. दूध मिळालं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच मोठी मंदी येऊन गेली होती, व्हिक्टोरिया राज्याची सरकारी बँक 1990 मध्ये बुडाली होती, आणि ऑफिसांच्या जागेतला जवळजवळ चौथा हिस्सा रिकामा होता. नवं काही बांधायला कुणाकडे पैसा नव्हता.

माझ्या मते, पैसा नव्हता हेच त्या शहराचं नशीब. असता तर सगळं पाडलं असतं.

तिथल्या महापालिकेनं 1985 च्या आराखड्यातच ठरवलं होतं की मध्यात माणसं राहायला आणायची. शहररचना विभागात रॉब ॲडम्स नावाचे वास्तुविशारद होते, त्यांनी हा धागा पुढं तीस वर्षं सोडला नाही. 1992 मध्ये ‘पोस्टकोड 3000’ ही योजना आली. 3000 हा तिथल्या मुख्य शहराचा पिनकोड. तुमच्याकडे ‘चला 422001 मध्ये राहायला’ म्हणावं, तसं. रिकाम्या ऑफिसांत आणि जुन्या गोदामांत घरं करणाऱ्याला फीमध्ये सवलत आणि तांत्रिक सल्ला मिळे. शिवाय त्याच्या दारासमोरचा रस्ता पालिका सुधारून देई. 1992 मध्ये तिथं हजारभरही घरं नव्हती. दहा वर्षांत ती कित्येक हजार झाली.

मी एका खासगी ऑफिसात अशाच घरांचे नकाशे काढायचं काम करत होते आणि आम्ही स्वतःही अशाच एका घरात राहायला गेलो. फ्लिंडर्स लेन ही पूर्वी कपडे शिवणाऱ्यांची गल्ली. आमच्या मजल्यावर एके काळी शिवणयंत्रांच्या रांगा होत्या. लाकडी जमीन घासून घेतली तेव्हा फळ्यांच्या फटींतून मूठभर टाचण्या निघाल्या. नंतरही कितीतरी दिवस केर काढताना एखादी सापडायची. मी त्या काचेच्या बरणीत जमवल्या, आजही त्या माझ्या टेबलावर आहेत. त्या बायकांना बारीक शिवण दिसावी म्हणून खिडक्या भल्या मोठ्या होत्या आणि इमारत अरुंद होती. म्हणूनच तिचं घर होऊ शकलं. सत्तरच्या दशकातल्या काचेच्या रुंद ऑफिसांत हे जमत नाही. मधल्या भागात ना उजेड ना वारा, खिडकी उघडत नाही, आणि संडासाच्या नळ्या एकाच कोपऱ्यात.

आता नाशिककडे येते. मेन रोडवरची तुमची इमारत त्या शिवणगल्लीतल्या इमारतीसारखीच असणार. अरुंद दर्शनी बाजू, मागं चौक किंवा मोकळी बोळ, वर लाकडी किंवा लोखंडी तुळया. पाडू नका. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. मग तीन गोष्टी बघा : मागच्या बाजूनं उजेड किती आत येतो, नवा संडास-मोरी खालच्या दुकानाच्या छतावर न येता मागच्या भिंतीला लावता येते का, आणि जिना दुकानातून जातो की स्वतंत्र आहे. जिना हा सगळ्यात मोठा प्रश्न. दुकानातून जाणारा जिना असेल तर शटर पडल्यावर वरचा माणूस कोंडला जातो. आग लागली तर काय होईल, मी लिहायला नको. दर्शनी भागातली चार फूट जागा दुकानातून काढून स्वतंत्र दार केलंत, तर भाऊ कुरकुरेल. तरी काढा. त्या चार फुटांवर वरचं अख्खं घर भाड्यानं जाईल.

गोदाम मात्र नको. ते दिवसा टेम्पो आणतं आणि रात्री काळोख. वर दोन खोल्यांचं घर असलं की खिडकीत उजेड राहतो, दहा वाजता कुणीतरी औषध आणायला उतरतं, मग औषधवाला साडेदहापर्यंत उघडा ठेवतो, आणि त्याच्या उजेडात पुढची बाई निर्धास्त चालते. मेलबर्नच्या लहान गल्ल्या अशाच जाग्या झाल्या. रॉबर्ट हॉडल यांनी 1837 मध्ये शहर आखलं, तेव्हा मोठे रस्ते 99 फुटी आणि त्यांच्यामागं 33 फुटी छोटे रस्ते ठेवले. पुढं त्या छोट्या रस्त्यांना आणखी बोळ फुटले, कचऱ्याचे, मालाचे, मागच्या दाराचे. डीग्रेव्ह्ज स्ट्रीट, सेंटर प्लेस अशा ठिकाणी आज बसायला जागा मिळत नाही. पालिकेनं तिथं मुख्यतः फरशी घातली, झाडं लावली, आणि तळमजल्याला दारं-खिडक्या नसलेल्या कोऱ्या भिंती येऊ नयेत असा आग्रह धरला. फरशी तिथल्याच काळ्या बसाल्टची, आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाची भाऊबंदच. दरवर्षी थोडी, पण एकदा घातली की पुन्हा उखडायची नाही.

पुढं काय बिघडलं तेही सांगते, नाहीतर अर्धंच चित्र जाईल. पैसा परत आल्यावर उंच टॉवर चढले. काही फ्लॅटमधल्या झोपायच्या खोल्यांना खिडकीच नव्हती. फ्लॅटसाठी किमान निकष यायला 2017 उजाडलं. घरं एवढी वाढली, पण शेजारच्या डॉकलंड्समध्ये सरकारी प्राथमिक शाळा 2021 मध्ये उघडली. मुलं झालेली कुटुंबं वाट बघून निघून गेली, आम्हीही त्यांच्यातले. मग राहिले बहुतेक भाड्यानं राहणारे विद्यार्थी. 2020 मध्ये सीमा बंद झाल्या, विद्यार्थी आले नाहीत, ऑफिसं घरून चालू लागली, आणि तोच मध्य पुन्हा ओस पडला. तुमच्याकडे आजही मेन रोडच्या आसपास जुन्या शाळा आहेत, भाजी आहे, नदी आहे. मेलबर्नच्या मध्यात शाळेचीच उणीव होती. म्हणून भाडेकरू निवडताना शक्य असेल तर कुटुंबाला द्या, दोन हजार कमी आले तरी.

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत चाळीस वर्षं राहतो. खालच्या गाळ्यात आता हॉटेल आलंय. एक्झॉस्टचा धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो आणि रात्री बारापर्यंत भांड्यांचा आवाज. ‘खाली दुकान, वर घर’ याचं कौतुक करणाऱ्यांनी हे भोगलंय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भोगलंय. आमच्या खिडकीखाली पहाटे बाटल्यांचा कचरा उचलायची गाडी यायची, तो आवाज अजून कानात आहे. तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

व्हिक्टोरिया राज्यानं 2014 मध्ये संगीताच्या जागांबाबत एक नियम केला, मला तो फार न्याय्य वाटतो : बदल जो घडवतो, बंदोबस्त त्यानं करायचा. जुन्या संगीताच्या जागेशेजारी नवी घरं बांधलीत तर आवाज अडवणाऱ्या काचा बिल्डरनं बसवायच्या. जुन्या घरांशेजारी अशी नवी जागा काढलीत तर खर्च तिच्या मालकाचा. तुमच्याकडे हॉटेल नंतर आलंय. तेव्हा धुराडं गच्चीच्या वरपर्यंत नेणं, भांडी घासायची जागा आतल्या बाजूला घेणं, हे त्याच्या खर्चानं व्हायला हवं. गाळ्याचा भाडेकरार पुढच्या वेळी होईल तेव्हा सोसायटीनं हे लेखी घालून घ्यावं. करार अजून चालू असेल तर आरोग्य विभागाकडे आणि अग्निशमन दलाकडे फोटोंसह लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. तोंडी भांडू नका, हॉटेलात राबणाऱ्या पोरांची रोजची रोजी त्यावर आहे.

प्रश्न : पार्किंग नसताना मध्यवस्तीत कोण राहायला येईल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्याचं काम, मंडई आणि मुलांची शाळा चालत जाण्याजोगी आहे तो. मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर 1992 मध्ये दिवसा मोटारी बंद झाल्या, तेव्हा व्यापाऱ्यांनी तुमचाच प्रश्न विचारला होता. तिथं ट्राम होती, हा फरक मान्य. आम्ही त्या गल्लीत नऊ वर्षं गाडीशिवाय काढली. शनिवारी क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमधून कोथिंबीर-मिरची आणि मासे घेऊन दोन पिशव्यांसह ट्रामनं परत यायचो. महाद्वार रोडच्या मागच्या गल्ल्यांत आज किती घरांत गाडी नाही, ते एकदा मोजून मला कळवाल का? पुढच्या अंकात त्यावर लिहीन.